पाटीवरची शेवटची ओळ

बाईंनी खोली भाड्याने घेतली, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला सगळं सांगून ठेवलं होतं: व्यक्तिगत समुपदेशन, जोडप्यांसाठी समुपदेशन, कौटुंबिक समुपदेशन, जवळचं माणूस गेल्यानंतरचा आधार. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, मुलाखतीची तयारी. नवऱ्याने मान वाकडी करून पाटी वाचली आणि म्हणाला, "चहा-कॉफी तेवढी लिहायची राहिली."

बाई हसल्या नाहीत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत चेहरा कोरा ठेवायची सवय घरीही सुटत नसे. मुलगी म्हणायची, "आई, तू ऐकायला लागलीस ना, की मला आपण आजारी आहोत असंच वाटतं."

खोलीत नेपथ्य बेताचं: एक टेबल, तीन खुर्च्या. जोडपं आलं की टेबल भिंतीला सरकायचं आणि भांडताना कुणाची मान अवघडू नये अशा खुर्च्या मांडल्या जायच्या. एकटं माणूस आलं की खुर्च्या तिरक्या, रडणाऱ्याला खिडकीकडे बघता यावं म्हणून. मुलाखतवाल्यांसाठी मात्र टेबल मधोमध, आणि पलीकडे बाई, कपाळाला आठ्या घालून. त्या आठ्या त्यांनी आरशासमोर बसवल्या होत्या. पोरं घाबरायची आणि नोकरीला लागायची.

एका दुपारी त्या टेबलासमोर एक काका येऊन बसले. एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेले, शर्टाचं बटण थेट गळ्यापर्यंत. या वयात कसली नोकरी, हे बाईंनी विचारलं नाही. हौस असते एकेकाला.

"स्वतःबद्दल सांगा."

"लिफ्ट चालवली. कधी मजला चुकला नाही."

"छान. ही जागा तुम्हालाच का द्यावी?"

"द्यायलाच हवी असं काही नाही."

"असं म्हणायचं नाही, काका. बरं, तुमच्यातला एक दोष सांगा."

"मुलगा स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला उशिरा पोचला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

बाईंच्या आठ्या उतरल्या. "मुलाखत आहे कुठे तुमची?"

"मुलाशीच. कामासाठी गावात आलाय. इतक्या दिवसांनी फोन केला, म्हणाला, शनिवारी अर्धा तास भेटतो. तो अर्धा तास फुकट गेला, तर पुन्हा यायचा नाही तो."

"अहो, मग हे कौटुंबिकमध्ये येतं!"

"खाली उभं राहून दोनदा वाचली मी पाटी. कुटुंब म्हणावं तर घरात मी एकटा. जोडपं म्हणावं तर ही गेली. मुलासाठी दुःख करावं, तर तो चांगला धडधाकट आहे. उरलं काय मग?"

बाईंनी उठून टेबल सरकवायला हात घातला.

"राहू द्या हो ते," काका घाईने म्हणाले. "मधे टेबल असलं की मला बोलता येतं."

टेबल राहिलं. बाई मुलगा झाल्या आणि तालीम सुरू झाली.

"बाबा, मला का हाकललंत?"

"तू उशीर केलास म्हणून."

"नापास," बाई म्हणाल्या. रडवेल्या माणसाला हा शब्द त्यांनी जन्मात कधी वापरला नव्हता. "पुन्हा."

"लोक काय म्हणतील म्हणून."

"नापास."

काकांनी गळ्याचं बटण सोडलं. "मला रडताना कुणी बघायला नको होतं. तू तर नकोच."

"हे म्हणा. बाकीचं विसरलात तरी चालेल."

"घरी नको पण. त्याच दारात कसा उभा करू त्याला? इथे बोलावू?"

शनिवारी मुलगा आला. केस पिकायला लागलेले, खांद्याला बॅग. "अर्धाच तास आहे हं माझ्याकडे," तो बाईंना म्हणाला, जणू त्यांनीच बोलावलं होतं. त्याला आत काकांजवळ सोडून, दार ओढून बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. या बाकाने पाठ धरते, हे त्यांना तेव्हा कळलं. आतलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ऐकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी पदराचा पार चोळामोळा करून टाकला.

अर्धा तास झाला, उलटला. पुढच्या वेळेचं जोडपं जिना चढून आलं.

"उशीर झाला ना? मी म्हटलं होतं!"

"तू काय म्हटलं नव्हतंस?"

"बसा," बाई म्हणाल्या.

एवढ्यात दार उघडलं. मुलाचे डोळे लाल, खांद्यावर बॅग नाही. "पाणी मिळेल का? दोन ग्लास."

बाईंनी दिलं. दोन्ही हातांत ग्लास घेऊन तो आत गेला आणि पायाने दार लोटलं.

"आत कोण आहे?" जोडप्यातल्या बाईने विचारलं.

"मुलाखत चाललीय."

"अजून किती वेळ?"

"उमेदवार बरा दिसतोय, लांबेल." बाई दोघांच्या मधून उठल्या आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं. "तुमचं आज इथेच करू. आधी कोण बोलणार?"

दोघंही एकदम बोलायला लागली.