पाय उचलला की मंदावणारी गाडी

आठवड्यातून दोनदा मला बारामतीहून इंदापूरला नेणारे तात्या ब्रेक जवळजवळ लावतच नसत. उसाच्या ट्रॅक्टरवर त्यांची उमर गेलेली. स्पीडब्रेकर लांबून दिसला की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत. माझी हायब्रिड गाडी आपोआप मंदावे आणि तेवढ्यात बॅटरीही भरून घेई. “हिला पाय उचललेला कळतोय बघा,” ते कौतुकानं म्हणत. त्यांच्या हातात गाडी ॲव्हरेजही जास्त देई, म्हणून मी चारचौघांत त्यांचे गोडवे गात असे. वेंधळे मात्र फार. उजवी चप्पल कुठंतरी मागं राही आणि हे आपले चालत पुढं. मी हसायची.

परवा भर दुपारी सणसरजवळ उसाची ट्रॉली एकदम आडवी आली. तात्यांनी पाय उचलला, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर काढून मान खाली घातली आणि स्वतःच्या पायाकडं बघितलं. मी किंचाळले. गाडी ट्रॉलीपासून हातभरावर थांबली.

“खाली काय बघत होतात?”

“ब्रेक,” ते म्हणाले. “बघितल्याबिगर पाय कुठं पडलाय ते समजत न्हाय, मॅडम. शुगरनं पार बधिर झालाय. दीड वरीस झालं.”

दीड वर्ष मी शेजारी बसून ॲव्हरेज बघत होते.

“उतरा. मी चालवते.”

ते उतरले आणि वळसा घालून माझ्या दाराशी आले. उजवी चप्पल ब्रेकपाशीच राहिली होती. बाहेर डांबर उन्हानं पाघळलं होतं. त्यावर उघड्या पायानं, अदबीनं उभे राहून तात्या मी उठायची वाट बघत होते.