शेठचं पोट आन् हलकी गाडी

"काटा बरोबर हाय जी. तुमी आधी खाली उतरा," हिंगणघाटच्या वजनकाट्यावरचे प्रभाकरराव थकल्या आवाजात म्हणाले.

नागपूरच्या शेठची नवी परदेशी गाडी अकराशे नव्वद किलो भरलती. कंपनीनं अकराशेच सांगितलं होतं. गाडी हलकी होऊन जोरात पळावी म्हणून सांगाडा कार्बनचा केलता, आतला गालिचाही काढलता. आपण फसलो म्हणून शेठचं तोंड उतरलं.

गाडी इतकी बुटकी, की तो रांगतच बाहेर आला. काट्यानं अकराशे दाखवले.

"कंपनीनं गालिचा काढला, तुमचं पोट कोन काढन?" प्रभाकरराव म्हणाले.

शेठ खुशीत गेला. सत्तावीस वर्षं कापूसवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण वजन कमी भरलं म्हणून हसणारा माणूस प्रभाकररावांनी पहिल्यांदा पाहिला. डोळे चोळत त्यांनी हाक मारली, "आना भाऊ, कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर!"