वेशीचा चुना

चाकणजवळच्या आमच्या गावाची दगडी वेस पाडायची नाही, जपायची असं ठरलं. जागा नगरपरिषदेची, खर्च एका कारखान्याचा आणि देखरेख गावकऱ्यांची, असा तिघांचा करार झाला. लहानपणी वेशीच्या देवडीत आम्ही गोट्या खेळायचो. भर उन्हाळ्यातही आतला दगड गार लागायचा. बाजारातून परतणाऱ्या बायका डोक्यावरची पाटी उतरवून घटकाभर तिथं टेकायच्या.

माझे वडील पूर्वी शेती सांभाळून गवंडीकाम करायचे. चुन्याचं काम त्यांनी आजोबांकडून उचललं होतं. पुढं सगळीकडे सिमेंट आलं, त्यांना कोणी बोलावेना. मग ते कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत घरात त्या कामाचा विषयही निघाला नाही.

वेशीचं काम सुरू झालं तसे ते रोज बघायला जाऊ लागले. एका सकाळी मीही बरोबर होतो. त्यांनी सांध्यातला ओला माल चिमटीत घेऊन चोळला.

"ह्यात शिमिट हाय," ते ठेकेदाराला म्हणाले.

"थोडंसंच आहे, बाबा. उद्घाटनाची घाई आहे."

"दगडाला दम घेता येत न्हाई त्यानं. पानी आत ऱ्हातं, आन् मग दगडच फुटतो."

कामावर देखरेख करणाऱ्या वास्तुविशारद बाई परांचीवरून खाली आल्या. त्यांनी माल तपासला आणि काम तिथंच थांबवलं. मग वडिलांकडे वळून विचारलं, "चुना तुम्ही करून द्याल?"

वडिलांनी चिमटीतला माल झटकून टाकला. "हात इसरला असंल," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या आधी तयार होऊन बसले होते.

सिमेंटचे सांधे उकरले गेले. उद्घाटन लांबलं, अधिकारी कुरकुरले, पण कारखान्याच्या लोकांनी चुना दळायला विजेच्या मोटारीवर चालणारी घाणी बनवून दिली. वडील त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. कंपनीत होते तोवर त्यांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्या दिवसांत ते घरी आले की गुळाचा वास दरवळायचा.

एकदा जेवताना ते म्हणाले, "तुला शिकवायला पायजे हुतं."

"अजून शिकवा की," मी म्हणालो.

त्या आठवड्याच्या सुट्टीला मी घाणीपाशी उभा राहिलो. माझ्या हातातला पहिला माल त्यांनी बघितला, मान हलवली आणि परत दळायला लावला. दुसराही तसाच गेला. तिसरा त्यांनी घमेल्यात भरला आणि वर परांचीवर पाठवला.