मधुनाशिनीचा वेल

केकवाल्याच्या बेकरीत वजनकाटा नव्हता. मैदा ओंजळीने, लोणी चमच्याने आणि साखर जिभेने, असा त्याचा कारभार. क्रीम घोटायचं, बोट बुडवायचं, डोळे मिटायचे. मान हलली की झालं. "काटा भंगारवाल्याला लागतो, मला नाही," असं तो मेहुण्याला मुद्दाम ऐकवायचा. मेहुण्याचा बेकरीवर डोळा होता आणि त्याला तिथे तयार पावडरीचे केक करायचे होते.

मग केकवाल्याच्या रक्तात साखर निघाली. जन्मभर साखरेशी संसार केल्यावर दुसरं काय निघणार! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुढच्या तपासणीत उतरली नाही, तर बेकरीची पायरी चढायची नाही." केकवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बेकरी सुटली तर घरी बसून तो करणार काय, बायकोच्या फोडणीत चुका काढणार?

रोपं विकणाऱ्याने त्याला मधुनाशिनीचा वेल दिला. "पानं चावा. साखरेचा कर्दनकाळ आहे!" केकवाल्याने वेल मागच्या दाराशी लावला आणि रोज क्रीम घोटण्याआधी मूठभर पानं चावू लागला. चाखलेली साखर पोटात पोचताच गारद होणार, असा त्याचा बंदोबस्त.

पण त्या दिवसापासून क्रीम सपक लागायला लागलं. साखर टाकावी, चाखावं, सपकच. आणखी साखर, आणखी एक बोट. शेवटी त्याने वाण्याला फैलावर घेतलं, "साखर विकतोस की रेती?" वाणी बिचारा शपथा घेत बसला. पोरं केकवर तुटून पडत होती, पण निवृत्त मास्तरांची कवळी केकमध्येच रुतून बसली. मेहुणा मिशीतल्या मिशीत हसत होता.

तपासणीत साखर उतरायची सोडून वर चढली.

"चोरून गोड खाता?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"आईशप्पथ नाही! महिनाभर जिभेला गोड ठाऊक नाही!" केकवाल्याला रडूच कोसळलं. मग त्याने वेलाची सगळी कहाणी सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते पान चावलं की आधी जिभेवरची गोडी मरते. रक्ताचं पुढे बघू! तुम्हाला गोड कळत नव्हतं, म्हणून वाडगाभर क्रीम चाटत होता. गोळ्या घ्या, पानं बंद आणि चाखणंही बंद."

शेजारी बसलेली बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, रडताय काय? मी चाखते की!"

बायकोची जीभ तिखट असली तरी तिला गोडाची पारख पक्की होती. केकवाला घोटायचा, ती चाखायची. "थांबा हं, अजून एकदा बघते." असं अजून एकदा दिवसभर चालायचं. पुढच्या तपासणीत केकवाल्याची साखर उतरली. तो खुर्चीतून टुणकन उठला. डॉक्टरीणबाईंनी मात्र बायकोकडे पाहिलं आणि सहज तिचंही रक्त तपासलं.

दुसऱ्या दिवशी केकवाल्याने पाहिलं, बायको एका हातात क्रीमचा वाडगा धरून मागच्या दाराशी वेलाचं पान खुडत होती.

"अहो, माझीही साखर कुंपणावर आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. थोडंसं चावून बघते."

त्याने पान तिच्या हातातून काढून घेतलं. "टाक ते. वाडगाही ठेव खाली. मला बेकरीत तू हवी आहेस, तुझी जीभ नको."

"मग साखर कशी मोजणार?"

त्याने चपला घातल्या आणि तो भंगारवाल्याकडे काटा मागायला गेला.