दोन विद्यापीठं आणि माझी एक्सेल शीट

मंडळी, आज सकाळी डोंबिवलीच्या घरात माझी चोरी पकडली गेली.

स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक विद्यापीठ मोठ्या नावाचं. दुसरं छोटं, पण तिथल्या मॅडमनी माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट वाचून त्यातली चूक दाखवलेली. आज उत्तर द्यायचं होतं, म्हणून एक्सेलमध्ये दोन्हींना मार्क दिले. मोठं जिंकलं. मग मी 'गाईड'च्या रकान्यात छोट्याचे मार्क वाढवले. तरी मोठंच पुढे. परत वाढवले.

बाबा मागून बघत होते. कल्याणच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पेपर तपासलेत. म्हणाले, "अगं, ग्रेस मार्क कोणाला देतात? ज्याला पास करायचं आधीच ठरलेलं असतं, त्याला."

मी शीट बंद केली आणि छोट्या विद्यापीठाला होकार कळवला.

तुम्ही आयुष्यात ग्रेस मार्क कोणाला दिलेत?