शटर उचलण्याआधी एक पान

दुकान उघडण्याआधी पुस्तकाचं एक पान वाचायचं, ही प्रोफेसरची सवय. प्रोफेसर हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. एरवी माणूस कात्री-वस्तऱ्याचा. शटर अर्धं उचलून तो आत शिरायचा आणि रद्दीवाल्याकडून आणलेलं, कव्हर गेलेलं एक जुनं पुस्तक उघडायचा. खचलेल्या माणसाला उभारी देणारं, थोडं उपदेशाच्या अंगाने जाणारं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, एकच पुस्तक किती वेळा वाचाल? पाठ झालं असेल," बायको म्हणायची.

"पाठ झालंय. अंगी लागायचंय अजून."

त्या थंडीत त्याचा उजवा हात थरथरू लागला. आधी फणी हलायची, मग एकदा दाढी करताना एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लागला. ओरखडाच होता, म्हातारा हसून मोकळा झाला. पण प्रोफेसरने वस्तरा खाली ठेवला. त्याच्या वडिलांचा हात असाच थरथरायचा. शेवटी शेवटी त्यांना चमचासुद्धा धरवत नसे.

त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शेजारच्या खुर्चीवर धाकटा भाऊ काम करायचा. दाढीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे ढकलायचं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, घरी आल्यावर विनाकारण खेकसायचं, असे दिवस चालले.

एका सकाळी पानावर ओळ आली: जे दडवाल ते वाढेल, विश्वासाच्या एका माणसाला आजच सांगा. हे त्याने कितीदा तरी वाचलं होतं. दरवेळी डोळे पुढे सरकायचे, त्या दिवशी सरकेनात. त्याने पुस्तक मिटलं, शटर ओढलं आणि तडक घर गाठलं.

बायको कपडे वाळत घालत होती. त्याने हात पुढे केला. तिने पाहिलं.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि मला आज सांगताय?" आवाज रागाचा होता, डोळे मात्र भरले होते. "चला, चपला घाला."

डॉक्टरीणबाईंनी हात लांब करायला लावले, कागदावर रेघा काढायला लावल्या, चालून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"दम्याच्या गोळ्या. थंडीत छाती भरते म्हणून दुप्पट घेतो."

"दुप्पट घ्यायला कुणी सांगितलं?"

"माझं मीच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "वडिलांच्या आजाराची लक्षणं मला तरी दिसत नाहीत. हा प्रताप गोळ्यांचा वाटतो. औषध बदलून देते, पुन्हा दाखवायला या. आणि स्वतःचे डॉक्टर स्वतः होऊ नका."

बाहेर येऊन प्रोफेसर बाकावर मटकन बसला आणि हसतच सुटला. बायकोला त्याला रागवावं की त्याच्यासोबत हसावं, कळेना. शेवटी तीही हसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्या पुस्तकवाल्याचं भलं होवो. माझं तर तुम्ही कधी ऐकलं नाही."

हळूहळू हात स्थिरावला. डॉक्टरीणबाईंनीही समाधानाने मान हलवली. त्यानंतर प्रोफेसरने भावाला खुर्चीत बसवून तोंडाला फेस लावला.

"पहिला बळीचा बकरा मीच का?" भाऊ फेसातून कुरकुरला.

"हलू नकोस," प्रोफेसर म्हणाला, आणि वस्तरा गालावरून अलगद खाली उतरला.