दोघांच्या नावावरचं घर

माझी पोरगी त्या पलंगावर झोपली होती. पाच वर्षांची. अंगात ताप. तळव्यांना सिमेंट.

पुण्याच्या बाहेर बारा मजल्यांची बिल्डिंग चालू होती. तळमजल्यावर सॅम्पल फ्लॅट. गिऱ्हाइकाला दाखवायचं घर. टीव्ही पुठ्ठ्याचा. टेबलावरची सफरचंदं प्लास्टिकची. नळाला पाणी नाही. खऱ्या दोनच गोष्टी, एसी आणि पलंग. ते घर रोज झाडायचं-पुसायचं काम माझं होतं.

आम्ही मागे पत्र्याच्या खोलीत राहायचो. मे महिन्यात दुपारी आत बसवत नसे. नवरा आठव्या मजल्यावर विटा वाहत होता. पोरीला कुठं ठेवू? सॅम्पल फ्लॅटच्या कोपऱ्यात फरशीवर निजवलं. मी बाथरूम पुसत होते, तेवढ्यात ती उठून पलंगावर चढली.

आणि गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. सोबत आमचा ठेकेदार, संजूभाऊ.

बाई दारातच थांबली. "इथे कोणी राहतं का?"

"छे छे मॅडम," संजूभाऊ हसला. "लेबरची मुलगी आहे. सवय नसते यांना. गादी दिसली की लोळतात."

मग माझ्याकडे वळला. गिऱ्हाइकाशी तो पुण्याचं बोलायचा, आमच्याशी आमचं. "चादर काढ. तिले बाहीर ने. जिथी जिथी तिचे पाय लागले, तिथी फिनाईल मार. आत्ता. यायच्या समोर."

मी पोरीला दारात उभं केलं. ती तापानं कापत होती. कोपऱ्यापासून पलंगापर्यंत तिची पावलं उठली होती. मी गुडघ्यांवर बसले आणि एकेक पाऊल पुसलं. पोरगी बघत होती.

पुसून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, "चुकलं भाऊ. आता नाही होणार."

त्यानं जे केलं ते केलंच. पण हे मी बोलले. माझ्या तोंडानं. पोरीसमोर.

संजूभाऊ परका नव्हता. आमच्याच गावचा. वऱ्हाडात, मोताळा तालुक्यात आमचं गाव आहे, धामणगाव बढ्याच्या अलीकडं. गावातली निम्मी काळी जमीन त्यांच्या घरची. आम्हाला जमीन नाही. दोन खोल्यांचं घर, बस. सोयाबीन काढायला मशीन आलं, तसं बायामाणसांचं काम गेलं. तेव्हा संजूभाऊ पुण्यात बांधकामं घ्यायला लागला होता. दारात येऊन म्हणाला, "काऊन सडून राह्यले अथी? चला पुण्याले. खोली फुकट." सासूला घरी ठेवून आम्ही गेलो. गावातली सहा घरं गेली.

फुकटची खोली बिल्डिंग होईपर्यंतच होती. बिल्डिंग झाली आणि पत्रे उचलले. मग भाड्याची खोली. अकरा महिने झाले की मालक म्हणायचा, वाढवा नाहीतर निघा. आम्ही निघायचो. प्रत्येक वेळी शहराच्या आणखी बाहेर. आधी पोरीचं दूध बंद केलं. मग गॅस सोडून लाकडावर आले. मग नवऱ्यानं बस सोडली, कामावर चालत जायला लागला. कमाई होती तेवढीच होती. तिसऱ्या वर्षी डिपॉझिट मागितलं ते जमलं नाही. अकरा दिवस आम्ही एका कंपाउंडच्या भिंतीला ताडपत्री बांधून राहिलो. ती भिंत माझ्या नवऱ्यानंच बांधलेली. बाराव्या दिवशी वॉचमननं ताडपत्री सोडली. तोही वऱ्हाडातला. "माही नोकरी जाईन वहिनी," म्हणाला. त्याचा राग नाही आला. आम्ही गावी परत आलो.

घर होतं. एवढंच म्हणते. भिंतीचा पोपडा निघाला होता, एका कोपऱ्यात गळत होतं. पण दार लोटलं आणि कोणाला विचारावं लागलं नाही. त्या दिवशी मला कळलं, घर म्हणजे काय. जिथं निघा म्हणणारा कोणी नाही, ते.

ते सुख दोन वर्षं टिकलं.

यंदा दिवाळीनंतर आमच्या गल्लीत माणसं टेप घेऊन आली. कोणाशी बोलली नाहीत. घरांच्या कोपऱ्यांवर चुन्यानं फुल्या मारून गेली. मागचं शेत संजूभाऊचं. तिथं तो प्लॉट पाडत होता. शेतात जायला मोठा रस्ता हवा होता, आणि रस्त्यात आमची गल्ली.

मग एकेक घर शांत होत गेलं. आधी शोभावहिनीचं. तिच्या घराची भिंत आणि आमची भिंत एकच. संजूभाऊनं त्यांना पुण्यात काम आणि खोली देतो म्हणून सांगितलं होतं. सोमवारी कुलूप लागलं, गुरुवारी घर पाडायचं मशीन आलं. दुपारपर्यंत भिंतीपलीकडं काही नव्हतं. उघडं ऊन. नंतर आणखी तीन घरं, तशीच पुण्याला. सकाळी गल्लीत चुलीचा धूर दिसायचा, तो कमी कमी होत गेला. कुत्री तेवढी उरली, पडलेल्या घरांच्या जागेवर जाऊन बसायची.

आमच्याकडं तो गेल्या महिन्यात आला. पांढरी गाडी, हातात फाईल. खाटेवर बसला. सासूला "काकू, तब्येत कशी आहे" म्हणाला. पोरीकडं पाहून म्हणाला, "मोठी झाली बे हे." ती आत निघून गेली. त्याला काहीच आठवत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. खरंच आठवत नव्हतं.

कागद माझ्या नवऱ्यापुढं सरकवला. "सही कर. पुण्यात खोली देतो. काम देतो."

नवऱ्यानं पेन उचललं. त्याचा दोष नाही. तो थकला आहे. सासू म्हणाली, "दे बाबू, मोठ्या लोकायशी वैर नाही करू."

मी विचारलं, "खोली कोणाच्या नावावर?"

संजूभाऊ हसला. "नावाचं काय करतं तू? राहायशी मतलब."

"किती दिवस राहायचं?"

"काम आहे तोवर."

"मंग नाही."

नवऱ्याच्या हातात पेन तसंच.

संजूभाऊ त्याला म्हणाला, "तू कर बे सही. बाईमाणसाले काय विचारतं?"

तेव्हा मी सांगितलं. ग्रामपंचायतीच्या कागदावर हे घर दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याच्या आणि माझ्या. मी दहावीपर्यंत शिकले आहे, तो उतारा मी स्वतः काढून आणला आहे, वाचला आहे. माझ्या सहीशिवाय तुझा कागद कोरा आहे. मी त्याला अरे-तुरे केलं. आयुष्यात पहिल्यांदा. 

"आता तू शिकवशीन मले?"

"हाव."

तो उठला. नवऱ्याच्या हातातलं पेन त्यानंच काढून घेतलं. दारात थांबून गोड आवाजात म्हणाला, "पाह्यजो मंग. गल्लीत एकटेच राहशान तुम्ही."

तेव्हापासून रोज काहीतरी होतं. खोदताना आमची पाण्याची नळी तुटली. दोनदा जोडली, दोनदा तुटली. दारासमोर मुरमाचा ढीग आला. सासूला आता बाहेर जायचं तर धरून न्यावं लागतं. आठ दिवसांपासून मशीन आमच्या घराकडं तोंड करून उभं आहे. चालू नाही. नुसतं उभं. नवरा माझ्याशी फार बोलत नाही. भीती मलाही वाटते. गाडीचा आवाज आला की हातातली भाकर तशीच राहते.

परवा शोभावहिनीचा फोन आला, पुण्याहून. खोली मिळाली नाही. काम पंधरा दिवस होतं, संपलं. पुलाखाली आहेत, लेकराबाळांसकट.

"तुह्यं घर आहे ना वं अजून?"

"आहे."

ती म्हणाली, "आमी आंगठा लावला वं. वाचता नाही आलं."

मी तिला म्हणाले, या. सगळे या. माझ्या दोन खोल्यांत आधी तुम्ही, मग बाकीचे. तुझा कागद घेऊन ये, मी वाचते. काय लिहिलंय ते वाचू, आणि तालुक्याला जाऊन तक्रार लिहू. लिहिणारी मी.

ते उद्या पोचतील. चारी घरांची मिळून चौदा माणसं.

मी सही करणार नाही. मी मेले तरी माझी पोरगी करणार नाही, तिला मी उतारा वाचायला शिकवला आहे. संजूभाऊला रस्ता पाहिजे असेल तर मशीन चालू करावं. पण भर दुपारी करावं, गाव जागं असताना. आम्ही सगळे आत असू.

दार उघडं ठेवणार आहे. आत कोण आहे ते त्याला दिसलं पाहिजे.